दाजींना क्रेडिट कार्ड नाकारलं आणि कारण निघालं २०१८ सालची जामीनदाराची सही

माझे दाजी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, नोकरीला वीस वर्षं होऊन गेली, पगार सरकारी बँकेत जमा होतो, घराचा हप्ता दर महिन्याला खात्यातून आपोआप कटतो आणि आजपर्यंत एकदाही चुकलेला नाही. अशा माणसाला २०२४ च्या जूनमध्ये क्रेडिट कार्ड नाकारलं गेलं. तेही त्याच बँकेने, जिने आधी स्वतःच मेसेज पाठवला होता की तुम्हाला दीड लाखाचं प्री-अप्रूव्हड लिमिट आहे म्हणून. भाचीचं इंजिनिअरिंगचं ॲडमिशन होणार होतं, लॅपटॉप घ्यायचा होता, दुकानात नो-कॉस्ट ईएमआय कार्डावरच मिळतो म्हणून दाजींनी लिंक उघडून फॉर्म भरला. दोन दिवसांत मेल आला की आमच्या अंतर्गत निकषांमध्ये आपला अर्ज बसत नाही. एवढंच. का बसत नाही, कुठे अडलं, काहीच नाही.

इथे दाजींनी ते केलं जे जवळपास सगळेच करतात, राग आला म्हणून दुसऱ्या बँकेकडे अर्ज टाकला, तिथून नकार आल्यावर एका ॲपवरून तिसऱ्या बँकेकडे टाकला. पंधरा दिवसांत तीन नकार. मी अकाउंट्सचं काम करतो म्हणून मग विषय माझ्याकडे आला. फोनवर पहिलं वाक्य हेच होतं, "पाव्हणं, मी आयुष्यात कुणाचा एक रुपया ठेवला न्हाई, मग हे काय म्हणून?" त्या आवाजात कार्ड मिळालं नाही याच्यापेक्षा आपल्याला कुणीतरी बुडवा समजतंय याचं दुःख जास्त होतं, आणि ते मला नीट कळलं, कारण गावात मास्तरांचा शब्द म्हणजे शब्द असतो.

आधी एक गोष्ट सांगतो मग पुढे जातो. प्री-अप्रूव्हड मेसेज हा बँक स्वतःकडच्या माहितीवर पाठवते, पगार किती, शिल्लक किती राहते वगैरे. खरा अर्ज केला की मगच सिबिल किंवा दुसऱ्या ब्युरोचा, म्हणजे कुणी किती कर्ज घेतलं आणि कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीचा, रिपोर्ट ताजा काढला जातो, आणि तो काढल्याची नोंद त्या रिपोर्टमध्ये पडते. थोड्या दिवसांत तीन-चार बँकांनी रिपोर्ट काढला तर पुढच्या बँकेला दिसतं की हा माणूस सगळीकडे उधारी मागत फिरतोय, स्कोअरही थोडा घसरतो. आपला रिपोर्ट आपण स्वतः कितीही वेळा बघितला तरी त्याने काही होत नाही, हे मात्र लोकांना माहीत नसतं आणि भीतीने कुणी बघतच नाही. त्यात तो काळ असा होता की नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने विनातारण कर्जांवरचं जोखीम वजन वाढवलं होतं, बँकांसाठी क्रेडिट कार्डच्या येणे रकमेवर १२५ वरून १५० टक्के, म्हणजे तेवढ्याच कार्डांसाठी बँकेला जास्त भांडवल बाजूला ठेवावं लागणार, त्यामुळे आधी जे काठावर पास व्हायचे ते आता गाळले जात होते.

आम्ही पहिलं काम केलं ते म्हणजे पगाराच्या बँकेला मेल. रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट कार्डाबद्दलचे २०२२ चे निर्देश होते, १ जुलै २०२२ पासून लागू झालेले, त्यात स्पष्ट होतं की अर्ज नाकारला तर नेमकं कारण लेखी कळवायचं. अंतर्गत निकष हे नेमकं कारण नाही. मेल चार ओळींचा होता, अर्जाचा नंबर, नाकारल्याची तारीख, निर्देशांचा उल्लेख आणि नेमकं कारण कळवा एवढी विनंती. शाखेत जाऊन काउंटरवर विचारून उपयोग नव्हता, तिथल्या पोराला बिचाऱ्याला स्वतःलाच काही दिसत नव्हतं, कार्डाचा निर्णय मुंबईत होतो. मेलला उत्तर आठवड्याभरात आलं, की ब्युरो रिपोर्टमध्ये एक थकीत कर्ज खातं आहे.

थकीत खातं? घरी सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ताईला वाटलं कुणीतरी दाजींच्या पॅन कार्डावर कर्ज उचललं, मलाही आधी तेच वाटलं कारण तसे प्रकार होतात.

मग रिपोर्ट काढला. भारतात चार क्रेडिट माहिती कंपन्या आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाने २०१७ पासून प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा आहे. त्या वेबसाइटवर पैसे भरायचे प्लॅन मोठ्या अक्षरात असतात, फुकटची लिंक शोधावी लागते, पण असते. सिबिलचा स्कोअर निघाला ६१२. हा स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि साधारण ७५० च्या वर असला की बँका खूष असतात.

रिपोर्ट वाचताना लोक स्कोअर बघतात आणि पीडीएफ बंद करतात. खरी गोष्ट खाली असते. दाजींचं गृहकर्ज बघितलं तर महिन्यांची रांगच्या रांग, प्रत्येक महिन्याखाली ०००, ०००, ०००, म्हणजे हप्ता शून्य दिवस उशिरा, एकदम स्वच्छ. बघून बरं वाटलं. त्याच्या खाली दुसरं खातं, प्रकार व्यावसायिक वाहन कर्ज, देणारी संस्था जिल्ह्यातलीच एक नागरी सहकारी बँक, चालू शिल्लक, म्हणजे फेडायची बाकी, ४ लाख २ हजाराच्या आसपास, थकीत रक्कम सव्वा लाखाच्या वर, शेवटची माहिती कधी दिली तर ऑगस्ट २०२१. महिन्यांच्या चौकटीत ०००, ००० मग ०३२, ०६१, ०९२ असे आकडे चढत गेलेले, म्हणजे इतके दिवस हप्ता थकलेला. आणि खात्याची मालकी या रकान्यात एकच शब्द, गॅरेंटर.

दाजी थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आरं, ती पिकअप."

२०१८ च्या दिवाळीच्या आधी दाजींच्या बालमित्राने भाजीपाला पुण्याला न्यायला पिकअप गाडी घेतली होती. कर्ज ४ लाख ८० हजार, पाच वर्षं, हप्ता अकरा हजाराच्या आतबाहेर. सहकारी बँकेचा नियम असतो दोन जामीनदार पाहिजेत आणि त्यातला एक पगारदार असला तर बरं, त्यामुळे आपल्याकडे शिक्षक, एसटीतले, वीज मंडळातले, ग्रामसेवक यांच्याकडे लोक सहीला येतातच. मास्तर, फक्त सही पाहिजे, असं म्हणतात. दाजींनी पगाराचं सर्टिफिकेट दिलं, सात-आठ ठिकाणी सह्या केल्या, बँकेत चहा झाला, विषय संपला. पहिले दीडेक वर्ष हप्ते बरोबर गेले. मग मार्च २०२० आला, बाजार बंद, ऑगस्टपर्यंत हप्ते पुढे ढकलायची सवलत होती ती घेतली, ती संपल्यावर मात्र गाडी रुळावर आलीच नाही, कारण डिझेल वाढलं होतं, वडिलांच्या दवाखान्यात पैसा गेला, हप्ते थकत गेले. बँकेने जामीनदारांना नोटीस पाठवली असं म्हणतात, ती दाजींच्या जुन्या भाड्याच्या घरच्या पत्त्यावर गेली असणार, दाजी तोवर स्वतःच्या घरात राहायला आले होते.

जामीनदाराबद्दल लोकांचा जो गैरसमज आहे त्याच्याबद्दल मला फार पोटतिडकीने सांगायचंय. लोकांना वाटतं जामीनदार म्हणजे ओळखीचा साक्षीदार, कर्जदार पळून गेला तरच त्याला विचारतील. तसं नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. बँकेने आधी कर्जदाराच्या मागे लागून थकायचं आणि मग तुमच्याकडे यायचं असा क्रम कायद्यात नाही. सहकारी बँक तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला घेऊन दोघांवर एकदम जाऊ शकते. आणि २०१५ पासून सगळ्या कर्ज देणाऱ्या बँकांना, नागरी सहकारी बँकासुद्धा, चारही ब्युरोंचं सदस्य होऊन माहिती द्यायला लागते, त्यामुळे जी सही पूर्वी बँकेच्या फाइलमध्ये राहायची ती आता तुमच्या नावावर देशभर दिसते. पतसंस्थेचं वेगळं, पतसंस्था साधारणपणे ब्युरोला माहिती देत नाहीत, म्हणून वडिलधारे म्हणतात आम्ही इतक्यांना जामीन राहिलो कधी काही झालं नाही, त्यांचा अनुभव पतसंस्थेचा असतो.

मित्राला फोन केला तर तो संध्याकाळी घरीच आला. हातात प्लॅस्टिकची फाइल, त्यात बँकेचा बेबाकी दाखला, नोव्हेंबर २०२२ चा. त्याने गाडी विकली होती, वरचे पैसे भावकीतून उभे केले होते आणि एकरकमी परतफेडीत ४ लाख भरून खातं मिटवलं होतं, बँकेने ४७ हजार व्याज सोडलं होतं. तो म्हणाला, "मास्तर, दाखला हातात आला म्हंजी संपलं असंच मला वाटलं, तुमच्या नावावर हे अजून हाय हे मला ठाऊक असतं तर मी झोपलो नसतो." तो उभाच होता, ताईने दोनदा बस म्हटलं तेव्हा बसला. मला त्याचा राग यावा असं काही त्या माणसात नव्हतं, त्याने गाडी विकून पैसे भरलेत, लपवलेलं काही नाही.

आता इथून पुढचं नीट वाचा, कारण यातच सगळी मेख आहे. रिपोर्टमध्ये जे नको ते दिसतंय त्याचे दोन भाग असतात, एक जे चुकीचं आहे आणि एक जे खरं आहे पण आपल्याला नकोय. नोव्हेंबर २०२२ मध्ये मिटलेलं खातं २०२४ मध्ये चार लाख बाकी दाखवतंय हे चुकीचं. २०२०-२१ मध्ये हप्ते थकले होते हे खरं. बँकेने ४७ हजार सोडले म्हणून खातं पूर्ण फेडून नाही तर तडजोडीने मिटलं हेही खरं. तक्रार पहिल्याचीच करता येते. सिबिल साफ करून देतो म्हणून दहा-पंधरा हजार मागणारे एजंट हाच फरक लपवतात, दाजींना असा एक भेटलाही होता, सगळं पुसून देतो म्हणत होता. खरी नोंद कुणी पुसू शकत नाही आणि चुकीची नोंद तुम्ही स्वतः फुकटात दुरुस्त करू शकता, त्यामुळे त्या माणसाला द्यायचं नेमकं कशासाठी?

चारही रिपोर्ट काढले, हे खातं दोन ठिकाणी होतं, दोन्हीकडे ऑनलाइन तक्रार टाकली, बेबाकी दाखल्याची स्कॅन कॉपी जोडली आणि त्याच दिवशी सहकारी बँकेच्या शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घेतली. पोच महत्त्वाची, शिक्का आणि तारीख. ब्युरो स्वतःहून आकडा बदलत नाही, ती बँकेला विचारते आणि बँक हो म्हणाली की बदलते. यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये परिपत्रक काढलं, २६ एप्रिल २०२४ पासून ते लागू आहे, ३० दिवसांत तक्रार मिटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये तक्रारदाराला द्यायचे. बँकेने २१ दिवसांत दुरुस्त माहिती पाठवली नाही तर भरपाई बँकेच्या डोक्यावर, बँकेने वेळेत पाठवूनही ब्युरोने लावली नाही तर ब्युरोच्या. त्याच दिवशीच्या दुसऱ्या परिपत्रकात हेही आहे की तुमचा रिपोर्ट कुणी काढला की मेसेज आला पाहिजे आणि थकबाकीची नोंद पाठवताना बँकेनेही कळवलं पाहिजे, म्हणून मोबाइल नंबर आणि ईमेल ज्या ज्या बँकेत तुमचं नाव आहे तिथे चालू ठेवा, जामीनदार म्हणून असलं तरी.

महिना गेला, काही हललं नाही. मी शाखेत गेलो. अधिकारी चांगला माणूस होता, कॉम्प्युटरवर बघून म्हणाला खातं तर आमच्याकडे बंद आहे, मग हेड ऑफिसला फोन लावल्यावर कळलं की २०२१ मध्ये सॉफ्टवेअर बदललं तेव्हा काही जुन्या खात्यांच्या जामीनदारांची माहिती पुढे पाठवायचीच राहिली. मुद्दाम कुणी केलं नव्हतं, पण त्याची किंमत दाजी भरत होते आणि त्यांच्यासारखे आणखी किती हे बँकेलाही सांगता आलं नाही, ही गोष्ट मला अजून खटकते. मग दुसरा अर्ज दिला, त्यात लिहिलं की ३० दिवस झालेत, आता लोकपालाकडे जातोय. रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना २०२१ पासून आहे, ज्या नागरी सहकारी बँकेच्या ठेवी ५० कोटींच्या वर आहेत त्या तिच्यात येतात, क्रेडिट माहिती कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून आल्यात, तक्रार ऑनलाइन आणि फुकट, १४४४८ या नंबरवर मराठीतूनही विचारता येतं. जावं लागलं नाही. सप्टेंबर उजाडायच्या सुमारास दोन्ही रिपोर्टमध्ये शिल्लक शून्य झाली आणि नंतर आठवण करून दिल्यावर दोन हजारांच्या आसपास भरपाई दाजींच्या खात्यात जमा झाली. दाजींनी तो मेसेज मला पाठवला, खाली लिहिलं होतं, चूक मान्य केली हे बरं झालं.

स्कोअर ६७१ झाला. पण खात्यापुढे आता शब्द आला, सेटल्ड.

इथे घरात दोन मतं पडली. ताईचं म्हणणं, झालं ना शून्य, आता सोडा, लॅपटॉप तर शिक्षकांच्या पतसंस्थेतून आणलाच आहे. माझं म्हणणं वेगळं होतं. लॅपटॉपचा प्रश्नच नव्हता, पुढच्या वर्षी भाचीसाठी शैक्षणिक कर्ज काढावं लागणार होतं आणि त्यात आई किंवा वडील सह-कर्जदार असतात, बँक त्यांचाच रिपोर्ट बघते, आणि सेटल्ड दिसलं की बँक समजते की या खात्यात कुणाचे तरी पैसे बुडालेत. ही माहिती निदान सात वर्षं राहते. त्यामुळे उरलेले ४७ हजार भरून खातं पूर्ण फेडलेलं म्हणून नोंदवून घ्यावं असं मी सुचवलं. भरायचे कुणी? कायद्याने दाजी भरून मित्राकडून वसूल करू शकतात, करार कायद्याचं कलम १४५ त्यासाठीच आहे, पण दाजींनी ते ऐकूनच घेतलं नाही, त्याच्यावर कागद करायचा नाही म्हणाले. शेवटी मित्रच म्हणाला माझं देणं आहे, मीच भरणार, फक्त एकदम जमणार नाही.

एक काळजी घेतली ती सांगतो. पैसे भरायच्या आधी बँकेकडून लेखी घेतलं की सोडलेली रक्कम भरल्यावर कर्जदार आणि दोन्ही जामीनदार यांच्या नावावर खातं सेटल्ड ऐवजी बंद असं कळवलं जाईल. काही बँका पैसे घेतात आणि नोंद बदलत नाहीत, मग भांडायला हातात कागद नसतो. बँकेने संचालक मंडळापुढे ठेवून तसं पत्र दिलं, त्याला दोन-अडीच महिने गेले. मित्राने आता दुसऱ्याची गाडी चालवत चार हप्त्यांत पैसे भरले, शेवटचा २०२५ च्या मे महिन्यात. जानेवारी २०२५ पासून बँकांना महिन्यातून दोनदा माहिती पाठवावी लागत होती, १५ तारखेला आणि महिनाअखेरीला, त्यामुळे जूनमध्येच नोंद बदलली.

मधल्या काळात दाजींनी कार्डासाठी कुठेही अर्ज केला नाही. पगाराच्या बँकेतच ३० हजारांची एफडी ठेवून तिच्यावर कार्ड घेतलं, एफडी तारण असल्याने अशा कार्डाला बँका सहसा स्कोअरवरून अडवत नाहीत, लिमिट एफडीपेक्षा थोडं कमी मिळतं. त्यावर फक्त लाइट बिल आणि पेट्रोल, आणि बिल आलं की पूर्ण रक्कम भरायची. बिलावर मिनिमम ड्यू म्हणून छोटा आकडा असतो तेवढाच भरला की बाकीवर महिन्याला साडेतीन टक्के किंवा त्याहूनही जास्त व्याज लागू शकतं, वर्षाचं चाळीसच्या वर जातं, दाजींना हे मी वहीत लिहून दिलं होतं आणि त्यांनी ते शाळेतल्या बाकीच्या शिक्षकांनाही समजावून सांगितलं. खातं बंद अशी नोंद झाल्यावर स्कोअर ७२० च्या पुढे गेला. २०२०-२१ चे थकलेले महिने अजून दिसतात, दिसणारच. जुलैमध्ये शैक्षणिक कर्ज मंजूर झालं, अर्जासोबत बँकेचं पत्र आणि बेबाकी दाखला जोडला होता, मॅनेजरने त्यावर दोन प्रश्न विचारले आणि पुढे पाठवलं.

राहिला दुसरा जामीनदार. तो शेतकरी, गावातलाच, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं कारण त्याने कधी कार्डाला अर्जच केला नव्हता. पीक कर्जाला सिबिल मागू नका असं मुख्यमंत्री फडणवीसांनी २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना बजावलं आहे, पण याला ट्रॅक्टर घ्यायचा होता, आणि ट्रॅक्टरच्या कर्जाला रिपोर्ट बघतातच. दाजींनी त्याला घरी बोलावलं, त्याच्या मोबाइलवर ओटीपी घेऊन चारही रिपोर्ट काढले. दोन रिपोर्टमध्ये नोंद बदलली होती. तिसऱ्यात त्याच्या नावाचं स्पेलिंग वेगळं आणि जुनी चार लाखांची बाकी तशीच होती. तक्रार दाजींनीच भरली, यावेळी मला फोन न करता.